जुना संगणक आणि परका कळफलक

अडगळीत ठेवलेला जुना संगणक पुन्हा सुरू करण्याची वेळ बहुधा त्यातील नोंदींची गरज भासते तेव्हाच येते. मूळ कळफलक हरवलेला असतो. दुसऱ्या संगणकाचा कळफलक आणून जोडला, तर प्लग अचूक बसतो. पण यंत्र दाद देत नाही. अशा वेळी यंत्रच निकामी झाले, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरते.

आयबीएम कंपनीच्या १९८१ मधील ‘पीसी’ व १९८३ मधील ‘एक्स-टी’ या संगणकांचा कळफलक ८३ कळांचा होता. १९८४ साली ‘ए-टी’ हा संगणक आला. पाच पिनांचा गोल प्लग तोच राहिला. संकेतांची पद्धत मात्र बदलली. पूर्वीचा कळफलक केवळ संकेत पाठवीत असे. नवा कळफलक संगणकाच्या आज्ञाही स्वीकारू लागला. त्यामुळे एकाचा कळफलक दुसऱ्यास चालत नाही. आयबीएमच्या यंत्रावर आरंभीच्या स्वयंतपासणीत ३०१ हा क्रमांक दिसला, तर दोष कळफलकाच्या बाजूस आहे असे समजावे.

काही कळफलकांच्या तळाशी ‘एक्स-टी’ व ‘ए-टी’ अशा खुणांचा सरकता खटका असतो; प्रथम तो पाहावा. १९८७ पासूनच्या ‘पीएस-टू’ कळफलकाचा प्लग लहान व सहा पिनांचा आहे, परंतु त्याचे संकेत ‘ए-टी’प्रमाणेच असल्याने तेथे साधा अडॅप्टर पुरतो. ‘एक्स-टी’साठी मात्र संकेतांचे रूपांतर करणारा कन्व्हर्टर लागतो. कळफलक बदलताना संगणकाची वीज बंद असावी.

यंत्र सुरू होताच प्रथम नोंदींची प्रत काढून घ्यावी. यंत्र मोडीत देण्यापूर्वी एवढी खातरजमा केल्यास वर्षानुवर्षांची माहिती केवळ कळफलकाअभावी नष्ट होणार नाही.