दत्तक कुत्र्याचे नामांतर : गैरसमज आणि वस्तुस्थिती

रस्त्यावरून, प्राण्यांच्या निवारा केंद्रातून किंवा दुसऱ्या कुटुंबाकडून दत्तक घेतलेला कुत्रा घरात येतो तेव्हा त्याच्यासोबत बहुधा एक नावही येते, आणि ते ठेवावे की बदलावे याविषयी प्राणिमित्रांमध्ये दोन ठाम मते आढळतात. पहिल्या मतानुसार नाव बदलणे म्हणजे घर, माणसे आणि परिसर गमावलेल्या प्राण्याकडून त्याचे उरलेसुरलेही काढून घेणे होय. दुसऱ्या मतानुसार जुने नाव ही जुन्या हालअपेष्टांची खूण असल्याने ती पहिल्याच दिवशी पुसून टाकणे हिताचे असते. दोन्ही मते जिव्हाळ्यापोटी मांडली जातात, परंतु नाव ही माणसाची असते तशीच कुत्र्याचीही स्वतःविषयीची ओळख असते, असे दोन्हींत गृहीत धरलेले आहे, आणि ते गृहीतक तपासून पाहिल्याशिवाय या प्रश्नाचा निर्णय नीट करता येत नाही.

कुत्र्याच्या दृष्टीने नाव हा प्रथमतः एक ध्वनिसंकेत असतो. रशियन शरीरशास्त्रज्ञ इव्हान पावलॉव्ह यांनी कुत्र्यांवरील प्रयोगांतून दाखवून दिलेल्या प्रक्रियेला मानसशास्त्रात अभिजात अभिसंधान असे म्हणतात. मुळात निरर्थक असलेला एखादा आवाज अन्नासारख्या महत्त्वाच्या गोष्टीच्या आधी वारंवार ऐकू आला, की तो आवाजच त्या गोष्टीची पूर्वसूचना बनतो, असा तिचा आशय आहे. ‘मोती’ हा उच्चार कानी पडल्यावर भाकरी मिळते, कोणी अंगावरून हात फिरवते किंवा फिरायला नेते, हे पुन्हा पुन्हा अनुभवास आले की तो उच्चार ऐकताच कुत्रा मान वर करून पाहतो. हा संकेत त्याच्या मनात फार पक्का बसू शकतो, हेही खरे आहे. अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठातील संशोधकांनी 2019 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, आजूबाजूला माणसांच्या बोलण्याचा गोंगाट असतानाही कुत्रे आपले नाव दुसऱ्या नावापासून वेगळे ओळखतात असे दिसून आले. मात्र ओळखणे म्हणजे ‘हा मी आहे’ असे समजणे नव्हे. आरशातील प्रतिबिंब स्वतःचे आहे हे ओळखण्याच्या चाचणीत कुत्रे सहसा उत्तीर्ण होत नाहीत, तर अलेक्झांड्रा होरोविट्झ यांच्या 2017 च्या प्रयोगात स्वतःच्या मूत्राचा वास बदललेला असताना ते त्या वासापाशी अधिक वेळ रेंगाळले. कुत्र्याला स्वत्वाची काही जाणीव असलीच, तर ती उच्चारापेक्षा गंधाशी अधिक निगडित असावी, असे यावरून मानण्यास जागा आहे.

महाराष्ट्रात या प्रश्नाला एक विशेष भावनिक छटा आहे, तिचा उल्लेख येथे आवश्यक आहे. लग्नानंतर ताटातील तांदळावर अंगठीने नवे नाव लिहून वधूचे पहिले नावही बदलण्याची प्रथा अनेक घरांत होती व काही ठिकाणी ती आजही आहे, आणि त्यामुळे नामांतर हा शब्द ऐकताच एखाद्याचे पूर्वायुष्य नाकारले जात असल्याची बोच मराठी मनाला जाणवते. माणसाच्या बाबतीत ती बोच सर्वथा योग्य आहे, कारण माणूस आपल्या नावातून आपले कूळ, शिक्षण, मैत्री आणि कर्तृत्व यांची कथा स्वतःला सांगत असतो. कुत्रा तशी कथा सांगत नसल्यामुळे तोच निकष त्याला लावणे म्हणजे त्याच्या खऱ्या गरजांकडून लक्ष दुसरीकडे नेणे ठरते.

नाव बदलल्यास कुत्रा कायमचा गोंधळून जातो, हा गैरसमज सर्वाधिक प्रचलित आहे. जर्मनीतील रिको नावाच्या बॉर्डर कॉली जातीच्या कुत्र्याला दोनशेहून अधिक वस्तूंची नावे येत असल्याचे 2004 मध्ये, आणि अमेरिकेतील चेसर या त्याच जातीच्या कुत्रीला 1,022 वस्तूंची नावे येत असल्याचे 2011 मध्ये शास्त्रीय नियतकालिकांतून प्रसिद्ध झाले. ही दोन्ही उदाहरणे अपवादात्मक आहेत आणि घरोघरीच्या कुत्र्याकडून तशी अपेक्षा करणे चुकीचे ठरेल. तथापि एक नवा उच्चार शिकणे हे कोणत्याही निरोगी कुत्र्याच्या आवाक्यातले काम आहे, कारण ‘बस’, ‘ये’, ‘चल’ असे कितीतरी उच्चार तो एरवीही शिकतच असतो. याचा पुरावा शोधण्यासाठी प्रयोगशाळेत जाण्याचीही गरज नाही. गल्लीतला एकच कुत्रा चहाच्या टपरीवर ‘काळू’, शेजारच्या सोसायटीत ‘ब्रुनो’ आणि रात्री पोळी घालणाऱ्या आजींकडे ‘राजा’ असतो, आणि तिन्ही हाकांना तो त्या त्या माणसाकडे शेपटी हलवत जातो.

याच्या नेमका उलट गैरसमज असा, की नवे नाव रुळले की जुने पुसले जाते आणि त्यासोबत जुन्या आठवणीही जातात. वस्तुस्थिती अशी, की शिकलेला संकेत सहजासहजी नाहीसा होत नाही. शब्द शिकण्यात असामान्य ठरलेल्या काही कुत्र्यांना खेळण्यांची नावे दोन वर्षांनंतरही आठवत असल्याचे हंगेरीतील संशोधकांनी 2024 मध्ये नोंदवले आहे. सर्वसाधारण कुत्र्याची स्मरणशक्ती इतकी तल्लख नसली, तरी वर्षानुवर्षे ऐकलेल्या हाकेचा ठसा खोल असणार हे उघड आहे. म्हणून नाव बदलल्याने भूतकाळ नष्टही होत नाही आणि बराही होत नाही. भीती घालवायची असेल तर ती ज्या प्रसंगांशी जोडली गेली आहे त्या प्रसंगांवरच संयमाने काम करावे लागते.

कुत्र्यासोबत आलेले नाव हे त्याचे ‘मूळ’ नाव असते, हेही पुष्कळदा खरे नसते. निवारा केंद्रात रोज नवे प्राणी दाखल होत असल्याने तेथील कर्मचारी नोंदवहीपुरते जे सुचेल ते नाव देतात, आणि अशा नावाने कुत्र्याला आठवड्यातून दोन-चारदा हाक मारली गेली असेल किंवा एकदाही नसेल. ज्या नावाला कुत्रा प्रतिसादच देत नाही ते त्याच्या लेखी नाव नसतेच, आणि ते बदलताना मन खाण्याचे काहीच कारण नाही. याची परीक्षा सोपी आहे: कुत्रा शांतपणे दुसरीकडे पाहत असताना, हातात खाऊ न दाखवता, नेहमीच्या सुरात ते नाव एकदा उच्चारावे, थोड्या वेळाने तितक्याच अक्षरांचा एखादा असंबद्ध शब्द त्याच सुरात उच्चारावा, आणि दोन्ही वेळच्या प्रतिसादात फरक पडतो का ते पाहावे. फरक नसेल, तर कुत्रा केवळ आवाजाकडे वळतो आहे.

प्रतिसाद असेल तर तो कोणत्या प्रकारचा आहे, हे पाहणे अधिक महत्त्वाचे असते, आणि येथे ‘छळ झालेल्या कुत्र्याचे नाव बदललेच पाहिजे’ या समजुतीची छाननी करावी लागते. नाव घेऊन ज्याला वारंवार मारले किंवा दरडावले गेले आहे, त्याच्यासाठी ते नाव संकटाची पूर्वसूचना झालेले असते. प्रशिक्षणाच्या परिभाषेत अशा संकेताला विषारी झालेला संकेत म्हणतात, म्हणजे ज्याच्यामागून कधी सुख तर कधी वेदना आल्यामुळे जो ऐकताच प्राणी द्विधा होतो असा संकेत. नाव उच्चारताच कान मागे पाडणे, शेपटी पोटाशी घेणे, ओठ चाटणे, मान फिरवून नजर टाळणे किंवा अंग चोरून जमिनीलगत बसणे ही त्याची लक्षणे होत. ती दिसत असतील तर नाव बदलणे हाच दयाळू मार्ग आहे, कारण बिघडलेला संकेत सुधारण्यापेक्षा कोरा संकेत शिकवणे फार सोपे असते. परंतु हाल सोसलेले सर्वच कुत्रे आपल्या नावाला भितात असे नाही. कित्येकांना मार मुकाट्याने किंवा शिव्यांसह मिळालेला असतो आणि नाव मात्र त्या घरातल्या एखाद्या मायाळू मुलाच्या तोंडून ऐकलेले असते. हाक मारताच अशा कुत्र्याचे डोळे निवळतात, अंग सैल पडते, शेपटी हलते. ते नाव काढून घेणे हे निष्कारण केलेले नुकसान ठरेल.

नामांतराने नव्या माणसावरचा विश्वास उडतो, या भीतीलाही आधार नाही. हंगेरीतील मार्ता गाची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 मध्ये दाखवून दिले, की निवारा केंद्रातील प्रौढ कुत्रे एखाद्या अनोळखी व्यक्तीच्या दहा-दहा मिनिटांच्या अवघ्या तीन भेटींनंतर तिच्याविषयी आसक्तीची वागणूक दाखवू लागतात. माणसाच्या सहवासाची इतकी ओढ असलेल्या प्राण्याशी नाते जुळते ते वागणुकीतून. स्थलांतराच्या पहिल्या काही दिवसांत कुत्र्यावर मोठा ताण असतो, आणि केंद्रात नुकत्याच आलेल्या कुत्र्यांच्या रक्तात कॉर्टिसॉल या ताणाशी संबंधित संप्रेरकाचे प्रमाण वाढलेले आढळते, हे मात्र ध्यानात ठेवले पाहिजे. त्या दिवसांत त्याला नियमित जेवण, निवांत कोपरा आणि पुरेशी झोप मिळणे नावापेक्षा कितीतरी अधिक निकडीचे असते, आणि घरातल्या चार जणांनी चार नावांनी हाका मारत राहणे त्याला त्रासदायक होते. नावावर घरात एकमत होईपर्यंत दोन दिवस कोणतेच नाव न वापरल्याने काही बिघडत नाही.

नवे नाव शिकवण्याची पद्धत साधी आहे, पण तिच्यातील क्रम बहुतेक जण चुकवतात. नाव एकदाच, प्रसन्न सुरात उच्चारावे आणि सेकंदाभरात, कुत्रा पाहो अथवा न पाहो, आवडीच्या खाऊचा छोटा तुकडा द्यावा. असे पाच-दहा वेळा करून थांबावे आणि दिवसातून दोन-तीनदा ही आवृत्ती करावी. काही दिवसांत कुत्रा उच्चारासरशी खाऊच्या अपेक्षेने वळून पाहू लागतो. जुन्या नावाला चांगला प्रतिसाद असेल तर त्याचा पूल म्हणून उपयोग करता येतो, आणि तेथे सर्रास ‘मोती-शेरू’ असे जुने नाव आधी व नवे नंतर जोडून हाक मारली जाते. शिकण्याच्या नियमांशी हे विसंगत आहे. लिओन कामिन यांनी 1960 च्या दशकाच्या अखेरीस उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले, की एखादा संकेत पुढच्या घटनेची पुरेशी सूचना आधीच देत असेल, तर त्याच्या सोबतीने आलेला नवा संकेत प्राणी जवळजवळ शिकतच नाही. याला अवरोध परिणाम म्हणतात. जुन्या नावाने खाऊची बातमी मिळालेली असल्यावर त्यामागून आलेल्या ‘शेरू’ला सांगण्यासारखे काही उरत नाही. म्हणून आधी नवे नाव, क्षणभर थांबून जुने नाव आणि मग खाऊ असा क्रम ठेवावा, आणि नव्या नावाला कुत्रा आपणहून वळू लागला की जुने गाळत जावे.

शिकवलेले नाव टिकवणे हा वेगळा भाग आहे. बुडापेस्ट येथे 2016 मध्ये जागृत कुत्र्यांच्या मेंदूचे प्रतिमांकन करून केलेल्या अभ्यासात, कौतुकाचा शब्द आणि कौतुकाचा सूर हे दोन्ही एकत्र आले तरच मेंदूतील सुखद अनुभवाशी संबंधित भाग अधिक सक्रिय होतो असे आढळले. त्यामुळे नाव कितीही सुंदर निवडले, पण ते चपला कुरतडल्यावर ओरडण्यासाठीच वापरले, तर त्याची गत भीतीशी जोडल्या गेलेल्या जुन्या नावासारखीच होईल. रागावण्यासाठी, नखे कापायला किंवा औषध पाजायला पकडण्यासाठी नावाचा उपयोग टाळावा.

नव्या नावाचा उच्चार जुन्याशी मिळताजुळता असलाच पाहिजे, ही समजूत अर्धी खरी आहे. ओळखीचा शब्द आणि त्यातील एकच ध्वनी बदलून केलेला निरर्थक शब्द यांत कुत्र्यांचा मेंदू फारसा फरक करत नाही, असे हंगेरीतील 2020 च्या एका अभ्यासात दिसले. त्यामुळे ‘राणी’ची ‘रानू’ झाली तर संक्रमण सुकर होण्याची शक्यता आहे. पण तेच निरीक्षण उलटही लागू पडते. नाव भीतीपोटी बदलायचे असेल तर मिळताजुळता उच्चार टाळला पाहिजे, आणि रोजच्या आज्ञांशी जवळीक असलेले नाव, उदाहरणार्थ ‘बस’ ही आज्ञा वापरणाऱ्या घरात ‘बासू’, गैरसोयीचे ठरते. घरातील दुसऱ्या प्राण्याच्या किंवा बाळाच्या नावाशी साम्य असणेही तितकेच अडचणीचे. अक्षरांच्या संख्येविषयी मात्र कोणताही कठोर नियम नाही. हाक मारायला सोपे आणि सर्वांच्या तोंडी एकसारखे येणारे नाव पुरते.

एका प्रकारच्या नावांबाबत स्पष्ट भूमिका घेणे आवश्यक वाटते. रस्त्यावर वाढलेल्या कुत्र्यांना ‘लंगड्या’, ‘काण्या’, ‘खरज्या’ अशी व्यंगावरून किंवा रोगावरून नावे पडतात. त्यांचा अर्थ कुत्र्याला कळत नाही, हे वरील विवेचनावरून स्पष्टच आहे. तो अर्थ कळतो तो माणसांना, आणि अशा नावाने ओळखला जाणारा प्राणी शेजाऱ्यांच्या, पाहुण्यांच्या आणि मुलांच्या नजरेत कायम हीनच ठरत जातो. त्याला समाजात सन्मानाने राहता यावे यासाठी ही नावे बदलावीत.

याउलट, नाव कायम ठेवणे श्रेयस्कर ठरते अशीही परिस्थिती असते. वृद्ध मालकाच्या निधनानंतर त्याच्या नातेवाइकांकडे आलेला कुत्रा किंवा पोलिसांच्या श्वानपथकातून निवृत्त झालेला कुत्रा यांनी आपले नाव वर्षानुवर्षे विश्वासू माणसाकडून ऐकलेले असते. म्हातारा कुत्रा नवे काही शिकत नाही ही समजूत येथे आडवी येऊ नये. व्हिएन्ना येथे 95 बॉर्डर कॉलींवर झालेल्या अभ्यासात वय वाढलेल्या कुत्र्यांना अधिक सराव लागला, पण ते शिकले. अशा कुत्र्यांचे जुने नाव ठेवायचे ते त्यांच्या अक्षमतेमुळे नव्हे, तर अपरिचित घरात ओळखीची आणि सुखाची वाटणारी तेवढी एकच हाक त्यांच्यापाशी असते म्हणून. ज्यांना ऐकूच येत नाही अशा वृद्ध कुत्र्यांच्या बाबतीत हाकेची जागा हाताची ठरावीक खूण किंवा जमिनीवर हलकेच आपटलेला पाय घेतो.

कागदपत्रांत नाव बदलता येत नाही, असाही एक समज आहे. लसीकरणाच्या पुस्तिकेतील आणि महानगरपालिकेच्या परवान्यातील नोंद पशुवैद्यकाकडून व संबंधित कार्यालयातून दुरुस्त करून घेता येते. वंशावळीची नोंद असलेल्या जातिवंत कुत्र्याचे नोंदणीकृत नाव आणि घरात हाक मारण्याचे नाव मुळातच वेगळे असू शकते. कातडीखाली बसवलेल्या मायक्रोचिपमध्ये तर नाव नसतेच, फक्त पंधरा अंकी क्रमांक असतो, आणि त्या क्रमांकासमोर नव्या पालकाचा पत्ता व दूरध्वनी नोंदवला नसेल तर हरवलेला कुत्रा सापडूनही जुन्याच मालकाकडे विचारणा होते. म्हणून नावावर घरात कितीही चर्चा चालू असली, तरी ही नोंद दत्तकविधीच्याच आठवड्यात बदलून घ्यावी.