हातोडा शोधायला गेले आणि…

बाळांनो, आज इंग्लंडातल्या एका शेताची गोष्ट ऐका. त्या देशाच्या पूर्वेला सफोक नावाचा परगणा आहे, तिथलं हॉक्सन हे खेडं. 1992 सालचा नोव्हेंबर महिना होता. पीटर व्हॅटलिंग या शेतकऱ्याचा हातोडा वावरात कुठेतरी पडला. शेत केवढं, हातोडा केवढा! ओळखीचे एरिक लॉज नावाचे एक निवृत्त माळी होते. धातुशोधक यंत्र घेऊन हिंडायचा त्यांना छंद होता. व्हॅटलिंग त्यांना म्हणाले, एवढा हातोडा शोधून द्या. म्हणजे लॉज त्या शेतात शिरले ते बोलावणं आल्यावर. हे नीट ध्यानात ठेवा हं, पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे.

आता ते यंत्र धातू कसं ओळखतं? काठीच्या टोकाला ताटलीएवढं चपटं वेटोळं असतं आणि त्यात तारेच्या गुंडाळ्या. यंत्र त्या तारेतली वीज सेकंदाला हजारो वेळा उलटसुलट खेळवतं. वीज वाहिली की तारेभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं, आणि वीज उलटली की तेही उलटतं. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे वीज निर्माण होते, हे मायकेल फॅरडे यांनी 1831 साली दाखवलं होतं. त्याच नियमाने मातीखालच्या नाण्यात इवलीशी वीज गोल गोल फिरू लागते. त्या विजेचंही स्वतःचं चुंबकीय क्षेत्र! ते वर येतं, वेटोळ्यातली दुसरी तार ते टिपते आणि माणसाच्या कानात सूर वाजतो. दीड हजार वर्षं मुकं पडलेलं नाणं चक्क हाकेला ओ देतं, बरं का. मला तर हा चमत्कार कितीही वेळा सांगितला तरी पुरत नाही.

पण ओ देतो तो फक्त धातू. लाकूड, कापड, हाड यांच्यात अशी वीज फिरत नाही, म्हणून ती गप्प राहतात. कोणती वस्तू कोणत्या वस्तूला टेकून होती, कोण वर, कोण खाली, यातलंही यंत्राला काहीच कळत नाही. ते कळतं फक्त सावकाश, थर मोजत, दिवसाउजेडी खणणाऱ्याला.

16 नोव्हेंबरला लॉज यांच्या कानात सूर वाजला. थोडं उकरलं तर चांदीचे चमचे, सोन्याचे दागिने, नाण्यांवर नाणी! वस्तू थोड्याच काढल्या आणि ते थांबले. जमीन व्हॅटलिंग कसत होते, पण ती सफोकच्या काउंटी कौन्सिलच्या मालकीची होती. दोघांनी कौन्सिलला कळवलं आणि पोलिसांनाही. दुसऱ्याच दिवशी पुरातत्त्वाची माणसं आली. त्यांनी मातीचे मोठमोठे गड्डे न फोडता, आतल्या वस्तूंसकट उचलले आणि प्रयोगशाळेत नेऊन हळूहळू उलगडले.

काय दिसलं सांगू? ओकच्या लाकडाची पेटी होती. लाकूड कुजून गेलं होतं, पण बिजागऱ्यांचा गंज जागच्या जागी होता, त्यावरून पेटीचा आकार कळला. आत लहान डब्या होत्या, काही वस्तू कापडात गुंडाळलेल्या होत्या. कुणीतरी निगुतीने भरलेली पेटी होती ती. नाणी मोजली तर 14,865 भरली! त्यांतली 569 सोन्याची. सगळ्यांत नवी नाणी इसवी सन 407-408 ची, म्हणजे पेटी त्यानंतर पुरलेली. त्याच सुमारास रोमचं राज्य ब्रिटनमधून उठलं. त्यातली मूठभर नाणी जरी कुणी आधीच लांबवली असती आणि सगळ्यांत नवी नेमकी त्याच मुठीत गेली असती, तर हा हिशेब साफ चुकला असता.

आणि चांदीच्या चार मिरीदाण्या! एक तर राणीसारख्या दिसणाऱ्या बाईच्या आकाराची, जेमतेम दहा सेंटिमीटर उंच, केसांची वेणीफणी कोरलेली. तळाशी फिरणारी चकती आहे. एका बाजूला फिरवली की मिरी भरायची, दुसऱ्या बाजूला फिरवली की शिंपडायची, तिसरीकडे फिरवली की बंद. त्या काळी रोमन लोकांची मिरी जायची ती आपल्या मलबार किनाऱ्यावरून, जहाजांनी.

हातोडाही सापडला बरं, आणि तोही आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. लॉज यांना बक्षीस मिळालं साडेसतरा लाख पौंड. त्यातला वाटा त्यांनी व्हॅटलिंग यांना दिला.

आता याच्या उलट गोष्ट. 1985 साली इंग्लंडातल्याच सॉल्झबरी गावाजवळच्या एका शेतात दोघांनी परवानगी न घेता खणलं. कांस्याच्या सहाशेच्या आसपास वस्तू लागल्या: कुऱ्हाडी, खेळण्यांएवढ्या ढाली, कढया. सगळं गुपचूप व्यापाऱ्यांना विकलं, आणि वस्तू दाही दिशांना पांगल्या. त्या एकाच खड्ड्यातल्या होत्या. काही इसवी सनापूर्वी 2400 च्या, काही थेट इसवी सनापूर्वी 200 च्या! म्हणजे त्या काळच्या कुणीतरी आपल्याहून दोन हजार वर्षं जुन्या वस्तू जपून ठेवल्या होत्या. एवढी नवलाची गोष्ट, पण वस्तू सुट्या झाल्यावर ती दिसणार कुणाला? म्युझियमचे इयान स्टेड वर्षानुवर्षं माग काढत राहिले तेव्हा कुठे ती उजेडात आली. काही वस्तूंचा पत्ता मात्र लागलाच नाही. चोरट्याला घाई असते, मातीला घाई चालत नाही.

म्हणून तिथले चांगले छांदिष्ट आधी मालकाचं दार ठोठावतात, कूळ वेगळं असेल तर त्यालाही विचारतात. वाटे कसे करायचे ते कागदावर लिहून घेतात. उभ्या पिकात जात नाहीत, खड्डा बुजवतात, फाटक लावून घेतात. पुढे 1996 चा कायदा आला. त्यानुसार खजिना सापडला की 14 दिवसांत कळवावं लागतं, आणि बक्षीस सहसा शोधणारा व मालक यांच्यात निम्मं निम्मं वाटलं जातं.

आपल्याकडचा कायदा तर 1878 चा. दहा रुपयांहून जास्त किमतीचं गुप्तधन सापडलं, तर कलेक्टरला लेखी कळवायचं. जुना हक्कदार निघाला नाही, तर तीन हिस्से सापडणाऱ्याचे, एक जमीनमालकाचा. गड-लेण्यांसारख्या संरक्षित जागी तर परवानगीवाचून खणणं हा गुन्हाच आहे. आणि नांगरामागून चालताना कधी हिरवं पडलेलं नाणं दिसलं, तर ते मातीवर घासून चकचकीत करू नका. तो हिरवा थर तांब्यावर चढलेला आहे, त्याच्याखाली अक्षरं असतात आणि नाणं घासलं की ती जातात. जागेवर खूण करा, वावराच्या मालकाला हाक मारा.