आधी पाण्याखाली बघा!

जपानी प्रिंट म्हटलं की आपल्याला होकुसाईची ती लाट आठवते. कॉफी मगवर, टी-शर्टवर, जिकडे तिकडे तीच! पण मला विचाराल, तर कोबायाशी कियोचिकाचं १८९४चं समुद्रयुद्ध एकदा बघाच. शेजारी शेजारी लावलेल्या तीन कागदांवर मिळून एकच चित्र आहे. वर जपानी युद्धनौका आणि धूर. खाली, थेट पाण्याच्या पोटात, बुडणारी चिनी नौका. भन्नाट अँगल!

वडनेरला, घरच्या ओसरीवर, लॅपटॉपवर ते मोठं करून बघत होते. हिंगणघाट तालुक्यातलं हे गाव. समुद्र इथून शेकडो किलोमीटर लांब. आजीनं चष्मा सावरला. तोफा, झेंडे वगैरे सोडून तिचं बोट सरळ खाली गेलं. “हे मानसं बुडून राह्यले का वं?”

हो, बुडतच होती. १७ सप्टेंबर १८९४ला पीत समुद्रात जपान आणि चीनच्या आरमारांची गाठ पडली. चीनच्या पाच युद्धनौका गेल्या, जपानची एकही बुडाली नाही. मग काय, टोकियोत अशा चित्रांचा धडाका! पेपरात फोटो छापणं तेव्हा सोपं नव्हतं. बहुतेक चित्रकार लढाई न बघताच, बातम्या वाचून चित्रं काढत. एक जण रेखाटणार, दुसरा ते लाकडात कोरणार, तिसरा प्रत्येक रंगाचा वेगळा ठोकळा घेऊन हातानं घासून छापणार. गडद रंग अलगद फिका होत जातो ना, ती ‘बोकाशी’. ठोकळ्यावरच रंग कमी-जास्त पुसून साधलेली.

बरं, जपान आपल्याला अगदीच परका नव्हता. १८९३ साली जमशेटजी टाटा जपानला गेले आणि तिथल्या जहाज कंपनीशी हातमिळवणी करून मुंबई-जपान वाहतूक सुरू झाली. माल मुख्यतः कापूस! हिंगणघाटच्या कापसाचंही तेव्हा बाजारात मोठं नाव होतं. वर्षभरात हे युद्ध पेटलं.

चित्र अर्थातच प्रचाराचं. बघणाऱ्यानं टाळ्या वाजवाव्यात म्हणून केलेलं. शत्रूची माणसं इथे जवळजवळ सजावटीसारखी तरंगतात, आणि तरीही ते इतकं देखणं आहे की नजर हटत नाही. मला याचाच त्रास होतो. ड्रॉइंग रूममध्ये लावाल का? मी नाही लावणार. पण कियोचिकानं आपल्याला विजयी डेकवर उभं केलं नाही, बुडणाऱ्यांच्या शेजारी नेलं. मुद्दाम की नुसती कमाल दाखवायला, कोण जाणे.

बोस्टनच्या फाइन आर्ट्स म्युझियममध्ये या युद्धाच्या प्रिंट्सचा मोठा संग्रह आहे. नेटवर झूम करा. जहाजं नंतर, आधी खालचा भाग.