घर एक, दलाल किती?

बदलीचा आदेश हातात पडतो, नव्या गावातल्या शाळांचे प्रवेश तोंडावर येतात आणि फुलचूर किंवा कुडव्याकडचं घर पावसाळ्याआधी विकायचं ठरतं. मग मालक ओळखीच्या चार दलालांना एकाच संध्याकाळी फोन लावतो. जितके जास्त हात, तितकं काम लवकर, असा त्याचा हिशेब. गोंदियात तो बहुतेक वेळा चुकतो.

दुसऱ्या दिवशी एखाद्या राइस मिलच्या मुनिमाचा मोबाइल पाहावा. तेच हिरवं लोखंडी गेट, तीच गच्चीवरची काळी टाकी, तीन वेगवेगळ्या नंबरांवरून आलेली. एका मेसेजमध्ये भाव ३० लाख. दुसऱ्यात २८, आणि खाली ‘बैठकीत कमीजास्त होईल’. तिसऱ्यात भावच नाही, नुसतं ‘अर्जंट’. मुनीम कोणालाच फोन करत नाही. मालक अडला आहे किंवा कागदांत काहीतरी भानगड आहे, एवढं तो मनाशी धरतो आणि थांबतो. पंधरा दिवसांनी तो बोलणी सुरू करतो ती २५ पासून.

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा जिल्हा झाला. जिल्ह्याच्या कचेऱ्या आल्या, त्यांच्याबरोबर बदलीवर येणारेजाणारे नोकरदार आले आणि घाईच्या विक्रीही आल्या. पण घेणारा वर्ग अजून मर्यादितच आहे: व्यापारी, मिलवाले, नोकरदार, आणि धानाचे पैसे हाती आल्यावर गोरेगाव, तिरोडा, आमगावकडून शहरात जागा शोधणारे शेतकरी. चारही दलालांच्या फोनमध्ये हीच नावं असतात. त्यामुळे दलाल चौपट केले म्हणून गिऱ्हाईक चौपट होत नाही. भाव मात्र चार तोंडांनी फुटतो.

दलालाची बाजूही समजून घ्यावी. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २१९ प्रमाणे, वेगळा करार नसेल तर काम पूर्ण झाल्याशिवाय दलाली मागता येत नाही. ३० लाखांच्या सौद्यावर एक टक्का म्हणजे ३० हजार, तेही चौघांतल्या एकालाच. बाकी तिघांचं पेट्रोल आणि वेळ वाया. मग कोणता शहाणा माणूस अशा घरासाठी दिवस घालवेल? तो फक्त आपल्याकडेच असलेलं घर आधी दाखवतो. यात लबाडी नाही, पोटाचा प्रश्न आहे.

खरं भांडण पुढेच होतं. घर एकाने दाखवलेलं, भाव दुसऱ्याने तोडलेला, आणि रजिस्ट्रीच्या दिवशी दुय्यम निबंधकाच्या दारात दोघेही दलालीसाठी उभे. त्याहून वाईट म्हणजे एकाच आठवड्यात दोन दलालांनी दोन पार्ट्यांकडून टोकन घेतलेलं असतं.

मंजूर ले-आउटमधल्या मोकळ्या प्लॉटची गोष्ट वेगळी. तिथे चौरस फुटाचा भाव सगळ्यांना माहीत असतो, दाखवायला फार काही नसतं. असा प्लॉट दोघातिघांकडे खुशाल द्यावा. मात्र सगळ्यांना भाव एकच सांगावा आणि टोकन फक्त मालकाने घ्यावं.

एकाला दिलं म्हणजे बाकीचे दरवाजे बंद, असंही नाही. अमेरिकेत घर एकाच एजंटकडे नोंदवलं तरी ते सामाईक यादीत जातं आणि दुसरे एजंट आपलं गिऱ्हाईक आणू शकतात. आपल्याकडे यादी नाही, पण एका साध्या कागदावर तीच सोय होते. त्यात मुदत लिहावी, ६० दिवस पुरे. खालचा भाव किती, टक्का किती आणि तो रजिस्ट्रीच्या दिवशीच मिळेल, हेही लिहावं. दुसऱ्या दलालाने पार्टी आणली तर वाटणी दलालांनी आपसात करायची, आणि मालकाच्या नात्यातला कोणी घेणारा निघाला तर दलाली नाही, या दोन ओळी विसरू नयेत. कुलमुखत्यारपत्र मात्र कोणी कितीही गळ घातली तरी देऊ नये.

महारेरा नोंदणीचा नंबर असलेला एजंट बरा, पण त्यावर विसंबू नये. ती नोंदणी लागते नोंदणीकृत प्रकल्पांतल्या व्यवहारांसाठी. जुन्या स्वतंत्र घराच्या फेरविक्रीला ती सक्ती नाही.

आणि घाई असेल तर सगळ्यात जास्त वेळ खातात ते कागद. वडील जाऊन वर्षं झाली, वारसनोंद राहिलेली. सातबाऱ्यावर फिटलेल्या कर्जाचा बोजा तसाच. फेरफाराची नोटीस निघाली की हरकतींसाठी १५ दिवस थांबावंच लागतं. ग्रामपंचायत हद्दीतल्या घराला नमुना ८, मंजूर नकाशा आणि लागू असेल तर अकृषिक आदेश हवा, शहरात आखीव पत्रिका. देवरी, सालेकसा भागात आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला विकायची तर महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. तिथे दहा दलालही एक दिवस वाचवू शकत नाहीत.

कागद तयार ठेवून घर एकाच्या हाती दिलं आणि पहिल्या तीन आठवड्यांत कोणी बघायलाही आलं नाही, तर दलाल बदलायची घाई करू नका. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर शेजारच्या घरांची सूची क्रमांक २ शोधा आणि आपला भाव तिच्याशी ताडून पाहा. अशा वेळी बहुधा भावच जास्त लावलेला असतो.