झाडावरचं ‘ऑपरेशन’

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी कॉलेजच्या ट्रेकिंग ग्रुपबरोबर एखाद्या कड्यावरून रॅपलिंग केलं असेल. हार्नेस चढवला, कॅराबिनर अडकवला, डोळे मिटून पहिलं पाऊल टाकलं, खाली आलात आणि फोटो टाकला. आता समजा, हाच उद्योग रोज सकाळी आठला सुरू करायचा, कमरेला चेनसॉ लटकवून साठ फुटांवर जायचं आणि महिन्याच्या शेवटी त्याचा पगार घ्यायचा, असं कुणी सांगितलं तर? जगभरात अनेक मुलं-मुली पोटापाण्यासाठी नेमकं हेच करतात. त्यांना म्हणतात आर्बोरिस्ट. ब्रिटनमध्ये मात्र लोकांच्या तोंडी असलेला शब्द जास्त भारी आहे, ‘ट्री सर्जन’. झाडांचे सर्जन!

या कामाला प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्यांत पहिलं नाव येतं जॉन डेव्ही यांचं. १८४६ साली इंग्लंडमध्ये जन्मलेला हा माणूस पुढे अमेरिकेत गेला आणि १९०१ साली त्याने ‘द ट्री डॉक्टर’ हे पुस्तक काढलं. झाड आजारी पडतं, त्याला इलाज करता येतो, आणि तो शिकलेल्या माणसाने करायचा असतो, हे त्याचं सांगणं. आज आपल्याला यात नवल वाटत नाही, त्या काळात वाटलं.

बॅगेत काय काय असतं?

आधी एक गैरसमज काढून टाकू. गिर्यारोहणाचं सामान झाडावर जसंच्या तसं चालत नाही. कड्यावर चढताना वापरतात तो डायनॅमिक दोर ताणला जातो, कारण पडणाऱ्याला बसणारा झटका त्याने पचवायचा असतो. झाडावर दोर ही तुमची खुर्ची असते. दिवसभर त्यावर बसून काम करायचं, तर तो रबरासारखा लांबून चालणार नाही. म्हणून इथे साधारण ११ ते १३ मिलिमीटर जाडीचा, कमी ताणला जाणारा दोर लागतो. पण याची दुसरी बाजूही आहे. असा दोर झटका पचवत नाही, म्हणून तो कधीच ढिला सोडायचा नाही. दोर जिथे अडकवलाय त्या जागेच्या वर चढायचं नाही, आणि चढावंच लागलं तर आधी दुसरा आधार घ्यायचा.

मग येतो हार्नेस. मांड्यांना आणि कमरेला रुंद गादी असलेला, कारण त्यात तासन् तास लटकायचं असतं. त्यानंतर गाठ. ऑस्ट्रियाचे गिर्यारोहक कार्ल प्रूसिक यांनी १९३१ मध्ये जी गाठ लोकांसमोर आणली, तिच्या जातीच्या गाठींवर हे सगळं काम चालतं. भार पडला की गाठ दोराला घट्ट धरते, भार काढला की सरकते. पारंपरिक पद्धतीत दोर फांदीवरून टाकून त्याचं एक टोक स्वतःला आणि दुसऱ्या बाजूवर ही गाठ, अशी रचना असते. दोन मीटर दोर ओढला की माणूस एक मीटर वर जातो. कप्पीचं गणित, बारावीला केलेलं!

दुसऱ्या पद्धतीत दोर एकेरी असतो. तो फांदीवरून घेऊन खाली बुंध्याला बांधतात आणि माणूस मोकळ्या बाजूवर चढतो. चढणं सोपं होतं, पण फिजिक्स विसरायचं नाही. वजन तुमचं सत्तर किलो असलं तरी वरच्या फांदीवर भार येतो जवळपास दुप्पट, कारण दोराची दुसरी बाजूही तेवढ्याच ताकदीने खाली खेचत असते. त्यामुळे फांदी निवडण्यात चूक झाली की संपलं.

दोर वर जातो कसा? एका बारीक दोरीला छोटी वजनदार पिशवी बांधून ती नेमक्या बेचक्यातून पलीकडे फेकायची. हात पोचला नाही तर काठीवर लावलेली मोठी गलोल असते. आणि दोराच्या घासण्याने साल सोलू नये म्हणून फांदीवर चामड्याची नळी किंवा कड्यांचा पट्टा बसवतात. हे कौतुक माणसासाठी नाही, झाडासाठी आहे. बुटांना लावायचे लोखंडी काटेही असतात, पण नियम कडक आहे. जे झाड पाडायचंच आहे त्यावरच ते वापरायचे. जिवंत ठेवायच्या झाडावर प्रत्येक काटा म्हणजे एक जखम.

आणखी एक गंमत बघा. चेनसॉसाठीच्या पँटमध्ये लांब धाग्यांचे थर असतात. चुकून साखळी पायाला लागली तर ती कापड फाडून हे धागे बाहेर ओढते, ते यंत्राच्या चाकात गुंततात आणि साखळी क्षणात थांबते. जमिनीवर काम करणाऱ्याला पुढच्या बाजूचं संरक्षण पुरतं. वर लटकणाऱ्याचे पाय कुठल्याही दिशेला असू शकतात, म्हणून त्याला चहूबाजूंनी लागतं. शिवाय चेनसॉ चालवताना कमीत कमी दोन ठिकाणी बांधून घ्यायचं. त्यातला कमरेचा छोटा दोर बहुतेक वेळा आतून पोलादी तारेचा असतो, म्हणजे करवत चुकून लागली तरी तो पटकन तुटत नाही. ब्रिटनमध्ये चढाईचं सगळं सामान दर सहा महिन्यांनी जाणकाराकडून तपासून घ्यावं लागतं. पूर्ण किटचा खर्च हजार पौंड सहज ओलांडतो.

दिवस कसा जातो?

इन्स्टावर दिसतो तसा नाही, हे आधीच सांगून ठेवते. नवख्याचे पहिले कित्येक महिने खाली पडलेल्या फांद्या ओढण्यात आणि त्या चिपर मशिनमध्ये घालण्यात जातात. खालचा माणूस दुय्यम असतो असं मात्र समजू नका. वरचा फांदी कापतो, पण ती दोराने सावकाश खाली उतरवतो तो खालचाच. वरच्याने ओरडून इशारा द्यायचा, खालच्याने उलट उत्तर द्यायचं, मगच करवत सुरू. आणि टीममध्ये असा एक जण हवाच, ज्याला वर अडकलेल्या किंवा जखमी झालेल्या सहकाऱ्याला दोरावरून खाली आणता येतं. अग्निशमन दलाची वाट बघायला वेळ नसतो.

चढण्याआधी झाडाभोवती फेरी. बुंध्याशी भूछत्रं उगवलीत का? ढोली आहे का? वाळक्या फांद्या कुठे? विजेच्या तारा किती लांब? पक्ष्यांची घरटी? ब्रिटनमध्ये १९८१ च्या वन्यजीव कायद्याने नांदत्या घरट्याला हात लावता येत नाही, काम पुढे ढकलावं लागतं. आपल्याकडे यात आग्या मोहोळाची भर घाला.

खांदे, गुडघे, मनगटं या कामात लवकर झिजतात. करवतीच्या कंपनांनी बोटं बधिर होतात. चाळिशीच्या आसपास बरेच जण दोर ठेवून सल्लागार, निरीक्षक किंवा प्रशिक्षक होतात. म्हणजे करिअर म्हणून विचार करायचा असेल, तर अंगमेहनतीबरोबर अभ्यासही हवाच.

जखम भरत नाही, बंद होते

अभ्यास म्हणजे काय, तर ॲलेक्स शायगो यांचं काम. अमेरिकेच्या वनसेवेतल्या या शास्त्रज्ञाने हजारो झाडं चेनसॉने उभी चिरून आत काय चालतं ते पाहिलं. त्यातून कळलं की आपल्या त्वचेसारखी झाडाची जखम भरून येत नाही. झाड खराब भागाभोवती आतून भिंती घालतं आणि नवं लाकूड त्याच्या बाहेर वाढवतं. फांदी जिथे खोडाला मिळते तिथे एक फुगीर कडं दिसतं. कापायचं ते या कड्याच्या किंचित बाहेर. कडंच कापलं तर ती भिंत घालायची सोय गेली. कापलेल्या जागी रंग किंवा डांबर फासूनही कुज थांबत नाही.

मोठी फांदी तीन घावांत काढतात. आधी खोडापासून थोडं दूर, खालून अर्धवट. मग त्याच्या जरा पुढे वरून, म्हणजे फांदी साल न सोलता पडते. शेवटी उरलेला खुंट कड्यापाशी. एवढं साधं तंत्र आहे.

झाडांना वाचवणं दर वेळी कापण्याशीच जोडलेलं असतं असंही नाही. १९८७ च्या ऑक्टोबरमध्ये दक्षिण इंग्लंडमध्ये आलेल्या वादळाने सुमारे दीड कोटी झाडं पाडली. लंडनच्या क्यू उद्यानातला ‘टर्नर्स ओक’ हा १७९८ चा वृक्ष मुळांसकट उचलला जाऊन पुन्हा जागेवर बसला. आधीच मरगळलेलं झाड, आता गेलंच असं सगळ्यांना वाटलं. तीनेक वर्षांनी बघतात तर ते जोमाने वाढत होतं! कारण? लोकांच्या पायांनी दगडासारखी झालेली माती वादळाने हलवून मोकळी केली होती. मुळांना श्वास मिळाला. त्यानंतर तिथे माती भुसभुशीत करणं हा झाडांच्या उपचारांचाच भाग झाला.

आणि आपल्याकडे?

आता तुमच्या कॉलेजबाहेरच्या झाडाकडे बघा. बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक, मधे आळ्याला जागाच नाही. २०१३ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीत झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं, ते याचसाठी. महाराष्ट्रात १९७५ पासून शहरी झाडांसाठी स्वतंत्र कायदा आहे, २०२१ मध्ये त्यात पन्नास वर्षांवरच्या झाडांना ‘हेरिटेज’ दर्जाही मिळाला. पण कायदा कागदावर असतो आणि करवत माणसाच्या हातात.

मे महिन्यात पावसाळ्यापूर्वीची छाटणी सुरू होते तेव्हा पाच मिनिटं थांबून बघा. बऱ्याचदा चढलेल्या माणसाच्या पायात चपला असतात, कमरेला सुंभ किंवा नायलॉनची दोरी, डोक्यावर काहीच नाही. त्याची हिंमत आणि तोल बघून तोंडात बोट जातं. पण त्याला हेल्मेट कुणी दिलेलं नसतं आणि फांदी कुठे कापायची हे कुणी शिकवलेलं नसतं. एका बाजूने सोललेलं झाड मग भार सावरू शकत नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात मुंबईत झाडं कशी कोसळली, ते तुम्ही पाहिलंच आहे. धोका वर चढलेल्यालाही असतो आणि खालून जाणाऱ्या तुम्हा-आम्हालाही.

चढण्याचं कसब आपल्याकडे नाही असं कोण म्हणेल? कोकणात माडाला खाचा करून, पायात दोरीचं कडं घालून सरसर चढणारी माणसं आहेत. गोव्यात नारळ पाडणाऱ्या पाडेलींची परंपरा आहे. नारळ विकास मंडळाने २०११ मध्ये तरुणांना यंत्राच्या मदतीने माडावर चढायला शिकवण्याची योजना सुरू केली, त्यात मुलीही शिकल्या. म्हणजे नीट प्रशिक्षण दिलं तर जुनं कसब नव्या रोजगारात बदलतं.

तुम्हाला यात रस असेल तर दोन्ही टोकं धरा. झाड कळायला वनस्पतीशास्त्र किंवा वनशास्त्र. दापोलीच्या कृषी विद्यापीठात वनशास्त्राचं महाविद्यालय आहे. दोर कळायला गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स. पुढे अनुभव गाठीशी आला की १९२४ मध्ये स्थापन झालेल्या ‘इंटरनॅशनल सोसायटी ऑफ आर्बोरीकल्चर’ची सर्टिफाइड आर्बोरिस्ट परीक्षा आहे. याच संस्थेच्या झाड चढण्याच्या जागतिक स्पर्धेत वेगाबरोबरच सुरक्षित कामाचे आणि जखमीला खाली आणण्याच्या कौशल्याचेही गुण असतात.

आणि झाडावर चढायचं नसलं, तरी एक काम आजच करता येईल. कॅम्पसमधल्या एखाद्या जुन्या झाडाचा बुंधा नीट बघा. आळं आहे का, खिळे ठोकलेत का, फांदी कापली ती कड्याच्या आत की बाहेर. काही चुकीचं दिसलं तर प्राचार्यांना किंवा पालिकेच्या उद्यान विभागाला लेखी कळवा. आणि पुढच्या छाटणीच्या वेळी वर चढणाऱ्या माणसाच्या डोक्यावर हेल्मेट आहे का, हेही विचारा.