बदलत्या तापमानाच्या खोलीत मत्स्यपेटी : माशांची निवड कशी करावी

बीड जिल्ह्यातील शाळांच्या खोल्या एका घडणीच्या नाहीत. कोठे जुन्या काळची जाड दगडी भिंत आहे, कोठे सिमेंटचे छत आहे, तर कोठे डोक्यावर नुसते पत्रे आहेत. शिक्षकांच्या घरांचेही तसेच. धाब्याच्या घरात दुपारीही गारवा राहतो. पत्र्याच्या खोलीत सकाळी दहाला घाम फुटतो. बाहेर मे महिन्यात पारा चाळीस अंशांच्या वर चढतो आणि पौषातल्या पहाटे तोच दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो. अशा खोलीत हौसेने काचेची मत्स्यपेटी आणली जाते, चार दिवस मुलांची गर्दी होते आणि पुढे एका सकाळी मासे पाण्यावर उलटे तरंगताना दिसतात. दोष कधी पाण्याला दिला जातो, कधी खाद्याला, कधी मुलांच्या हाताळण्याला. नजर लागली असे म्हणणारेही भेटतात. पुष्कळदा खरे कारण एवढेच असते की, दुकानात जो मासा सुंदर दिसला तो घेतला. तो ज्या खोलीत राहावयाचा तिचा विचार झाला नाही.

माणसाच्या शरीराची उष्णता बाहेर थंडी असो वा ऊन, सुमारे ३७ अंश सेल्सिअसच राहते. माशाचे तसे नाही. पाणी जितके उष्ण तितकेच बहुतेक माशांचे शरीर उष्ण. पाणी तापले की त्याचे श्वसन, पचन, हालचाल सर्व वेगाने चालते. ढोबळ मानाने पाण्याचे तापमान १० अंशांनी वाढले की माशाची प्राणवायूची गरज दुपटीच्या घरात जाते. आणि नेमक्या त्याच वेळी पाण्यातील प्राणवायू कमी झालेला असतो. समुद्रसपाटीच्या ठिकाणी १० अंश तापमानाच्या एक लिटर गोड्या पाण्यात जास्तीत जास्त ११.३ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळून राहू शकतो. ३० अंशांना तो सुमारे ७.५ आणि ४० अंशांना सुमारे ६.४ मिलिग्रॅम एवढाच राहतो. बालाघाटच्या उंचीवर हे आकडे आणखी थोडे खाली येतात. गरज वाढली आणि पुरवठा घटला, अशा दुहेरी कोंडीत मासा सापडतो. उन्हाळ्यात मासे पहाटे पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकताना दिसतात याचेही कारण येथेच आहे. रात्री पाणवनस्पती प्राणवायू तयार करीत नाहीत, उलट माशांप्रमाणे त्याही तो वापरतात. म्हणून पहाटे पाण्यात तो सर्वांत कमी उरतो.

थंडीचा त्रास वेगळ्या तऱ्हेचा असतो. पाणी गार झाले की मासा सुस्त होतो, त्याचे पचन मंदावते, आणि नेहमीइतके खाद्य टाकले तर ते तळाशी पडून कुजते. उष्ण प्रदेशातील नाजूक माशांच्या अंगावर थंडी बसल्यानंतर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके उमटतात. तो एका सूक्ष्म परजीवीचा रोग आहे आणि थंडीने अशक्त झालेल्या माशाला तो चटकन धरतो. तरीही आपल्या जिल्ह्यात कडाक्याची थंडी थोडे दिवस असते आणि उन्हाळा मात्र लांबतो. म्हणून मासा निवडताना उन्हाचा विचार आधी करावा, थंडीचा नंतर.

येथे एक गोष्ट ध्यानात घेणे अवश्य आहे. हवेचे तापमान म्हणजे पेटीतील पाण्याचे तापमान नव्हे. पाणी हळू तापते आणि हळू निवते. साठ सेंटिमीटर लांब, तीस रुंद व तीस उंच अशा पेटीत सुमारे ५० लिटर पाणी मावते. एवढ्या पाण्यावर दुपारच्या दोन तासांचा परिणाम थोडा होतो. तीन-चार लिटरच्या गोल काचपात्रातील पाणी मात्र खोलीबरोबरच तापते आणि खोलीबरोबरच गारठते. शिवाय त्याचे तोंड अरुंद, त्यामुळे हवेशी पाण्याचा संबंधही कमी. असे पात्र शोभेला ठीक. मासा ठेवण्यास ते अयोग्यच होय. म्हणून मासे आणण्यापूर्वी पेटी पाण्याने भरून दोन-तीन आठवडे तशीच ठेवावी आणि सकाळी शाळा भरताच व दुपारी तीनच्या सुमारास साध्या उष्णतामापकाने पाण्याचे तापमान घेऊन फळ्याच्या कोपऱ्यात लिहीत जावे. चौथीच्या मुलांना याचा आलेख काढता येतो. याच मुदतीत पाण्यात उपयुक्त जीवाणूंची वाढ सुरू होते. तळाशी धुतलेली वाळू आणि एखाद्या ओढ्यातील पाणवनस्पती असली तर त्यास मदतच होते.

आता निवड. जिला पहिला मान द्यावा ती जात परदेशी नव्हे, भारतातीलच आहे. अंगावर निळ्या-रुपेरी आडव्या रेघा शेपटापर्यंत ओढलेला, बोटाच्या दोन पेरांएवढा झेब्रा मासा दुकानात स्वस्त मिळतो आणि कदाचित त्यामुळेच त्याच्याकडे दुर्लक्ष होते. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ साली गंगेच्या खोऱ्यातील माशांवर ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात याचे वर्णन प्रथम आले. संथ ओढे, भातखाचरे, उथळ डबकी हे त्याचे घर. अशा उथळ पाण्यात हिवाळा आणि उन्हाळा दोन्ही तीव्रतेने जाणवतात; त्यामुळे इतर शोभेच्या माशांना न सोसणारे चढउतार तो, बदल सावकाश झाला तर, सहज सोसतो. जगभरच्या प्रयोगशाळांनी तो स्वीकारला आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतही त्याच्यावर संशोधन होते. त्याची अंडी काचेसारखी पारदर्शक असतात. २८ अंशांच्या पाण्यात अंडे फलित झाल्यापासून सुमारे एका दिवसात आतल्या जीवाचे हृदय धडधडू लागते आणि दोन-तीन दिवसांत पिल्लू बाहेर येते. साध्या भिंगाखाली मुलांना हे पाहता येईल. मात्र हा मासा एकटा राहत नाही, सहा-आठांचा थवा हवा. तो उडी मारतो, म्हणून पेटीवर जाळी हवी. आणि स्वतःचीच अंडी खातो, म्हणून अंडी वेगळ्या भांड्यात काढावी लागतात.

दुसरा मासा गप्पी. त्रिनिदाद बेटावरून हे मासे इंग्लंडला पाठविणारे रॉबर्ट गपी यांच्यावरून त्याचे नाव पडले; गप्पांशी त्याचा काही संबंध नाही, मुले मात्र तो जोडतातच. डासांच्या अळ्या खातो म्हणून आरोग्य खाते त्याची पैदास करते, आणि जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारणा केल्यास तो विनामूल्य मिळण्याचा संभव असतो. रंगीत पिसाऱ्याच्या दुकानी गप्पीपेक्षा हा साधा गप्पी अधिक काटक होय. त्याचे तोंड वरच्या बाजूस वळलेले असते, त्यामुळे हवेला लागून असलेला पाण्याचा अगदी वरचा थर, जेथे प्राणवायू सर्वांत अधिक, तो त्याला वापरता येतो. आपल्या विंधन विहिरींचे जड पाणी अनेक माशांना सोसत नाही. गप्पीला ते मानवते. कडक थंडीत तो मलूल होतो, तेव्हा पेटी खिडकीपासून दूर आतल्या भिंतीशी सरकवून रात्री तिच्यावर घोंगडी टाकावी. मादी अंडी घालीत नाही, जिवंत पिल्ले देते, आणि पोषक हवामानात साधारण चार आठवड्यांनी पुन्हा देते. दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीस गेलेला मुलगा चैत्रात परत येतो, तेव्हा त्याने पाहिलेल्या माशांची नातवंडे पेटीत फिरत असतात. गावातच मागे राहिलेल्या मुलांनी मधल्या महिन्यांची नोंदवही ठेवली असेल, तर परतलेल्याला वर्गात पुन्हा बसवून घेण्यास याहून सोपा दुवा क्वचितच मिळेल.

सोनेरी माशाविषयी सविस्तर सांगणे भाग आहे, कारण मुलांचे बोट प्रथम त्याच्याकडेच जाते. चीनमध्ये हजारांहून अधिक वर्षे पाळून हा तयार झाला. थंडीचे त्याला भय नाही. पौषातली पहाट त्याला उलट मानवते. अडचण उन्हाळ्याची आहे. तो मोठा होतो, पुष्कळ खातो, पाणी लवकर घाण करतो आणि प्राणवायू भरपूर मागतो. पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात त्याचा निभाव लागणे कठीण. जाड भिंतीची खोली आणि शंभर लिटरची पेटी असेल तर एक जोडी ठेवण्यास हरकत नाही. पिशवीसारखे पोट व लांब पंख असलेले प्रकार मात्र घेऊ नयेत, ते मुळातच अशक्त असतात.

फायटर माशाची गोष्ट उलटी आहे. थायलंडकडील या माशाच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर एक घडीदार अवयव असतो, त्यायोगे तो वरची हवा सरळ घेऊ शकतो. म्हणून उन्हाळ्यात पाण्यातील प्राणवायू घटला तरी तो तग धरतो. थंडी मात्र त्याला बाधते, आणि दोन नर एकत्र ठेवल्यास ते एकमेकांस फाडतात. नळाचा हवापंप चालविण्यास वीज पुरेशी न मिळणाऱ्या पण हिवाळ्यात उबदार राहणाऱ्या घरात एकटा नर ठेवावा. एंजल, डिस्कस, निऑन यांचा विचार सोडून द्यावा. त्यांचे पाणी यंत्राने एकाच तापमानावर राखावे लागते. रंग टोचून रंगविलेले मासे घेणे म्हणजे क्रूरतेला पैसे देणे होय.

गावच्या ओढ्यातील मासळी आणावी काय, असा प्रश्न काही शिक्षक करतात. बारीक मासे आणावेत. रोहू, कटला यांची बोटुकली आणू नयेत, ती पेटीत मावत नाहीत. मरळीची लालसर पिल्ले थव्याने फिरताना फार मोहक दिसतात, परंतु मरळ वाढते आणि सोबत्यांना खाऊन टाकते. त्याचप्रमाणे पेटीतला कोणताही परका मासा नदीत, विहिरीत वा तलावात सोडू नये. शोभेसाठी आणलेला सकर मासा उजनी जलाशयात जाऊन कोळ्यांच्या जाळ्यांना उपद्रव देऊ लागला आहे. जास्त झालेला गप्पी आरोग्य खात्याच्या सल्ल्यानेच बंदिस्त हौदात सोडावा.

उन्हाळ्यात पाणी गार ठेवण्याची युक्ती प्रत्येक घरातील माठात आहे. पेटीभोवती ओले गोणपाट गुंडाळावे आणि त्याचे टोक खालच्या परातीतील पाण्यात बुडवून ठेवावे. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता खेचली जाते. ५० लिटर पाणी ११ अंशांनी निवविण्यास एवढी पुरते. बाहेरून उष्णता येत राहते म्हणून प्रत्यक्षात इतका उतार पडत नाही, पण दोन-चार अंशांनीही मासे वाचतात. कोकणच्या दमट हवेत ही युक्ती लागू पडणार नाही. मराठवाड्याच्या कोरड्या हवेत पडते. बर्फाचा खडा मात्र टाकू नये. पाणी एकदम बदलणे हे उष्ण वा थंड पाण्यापेक्षाही घातक असते. विहिरीचे पाणी हिवाळ्यात कोमट व उन्हाळ्यात गार लागते. वस्तुतः ते वर्षभर जवळजवळ तसेच असते, बदलते ती हवा. पेटीत ते घालताना हा फरक उष्णतामापकाने पाहून थोडे थोडे घालावे. टँकरच्या वा ग्रामपंचायतीच्या पाण्यात टी.सी.एल. पावडर असते, ते रुंद भांड्यात एक दिवस उघडे ठेवून मग वापरावे.

टंचाईच्या गावात माशांसाठी पाणी खर्चणे योग्य काय, ही शंका रास्त आहे. आठवड्यास दहा लिटर पाणी बदलले तर पुरते आणि काढलेले पाणी परसबागेतील भाज्यांना खताचे काम देते. हंड्यासाठी रांगा लागत असतील तेथे पेटी न ठेवणेच बरे. झाकणाला जाळी असलेल्या रांजणात चार गप्पी ठेवले तरी निरीक्षण होते आणि डासही कमी होतात.

उन्हाळ्याच्या सुटीत शाळा बंद असते आणि उष्मा सर्वांत तीव्र असतो. त्या काळात मासे शाळेतच ठेवू नयेत. एप्रिलच्या अखेरीस, सकाळच्या वेळी, ते पेटीतल्याच पाण्यासह धाब्याच्या घरातील रांजणात हलवावेत. घरच्या माणसाला सांगावे की, दिवसाआड चिमूटभर खाद्य पुरे, एखादा आठवडा नाही दिले तरी प्रौढ मासा मरत नाही. जास्त दिले तर मात्र पाणी नासून मरतो.