सोपाऱ्याचा वारसा आणि स्थानिक संग्रहालयाची गरज

मुंबईच्या उत्तरेस असलेल्या नालासोपारा या रेल्वे स्थानकावर दररोज असंख्य प्रवासी उतरतात. पालि साहित्यातील 'सुप्पारक' ते हेच, याची जाणीव त्यांच्यापैकी फार थोड्यांना असते. उदानातील बाहिय दारुचीरिय येथील समुद्रतीरी राहत होता व येथूनच तो तथागतांच्या दर्शनार्थ श्रावस्तीस गेला. कार्ले येथील चैत्यगृहाच्या एका स्तंभावर सोपाऱ्याच्या भाणकाने दिलेल्या दानाचा लेख आहे.

इ. स. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी येथील 'बुरूड राजाचा कोट' नावाच्या टेकाडाचे उत्खनन केले. तो स्तूप होता. त्याच्या मध्यभागी दगडी करंडक मिळाला. त्यात तांबे, चांदी, दगड, स्फटिक व सोने यांचे एकात एक ठेवलेले करंडक, सुवर्णपुष्पे, भिक्षापात्राचे तुकडे आणि आठ कांस्यमूर्ती होत्या. त्याच वर्षी सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. पुढे १९५६ मध्ये जवळच्या भुईगाव येथे नवव्या लेखाचा तुकडा मिळाला.

स्तूपातील अवशेष मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे, तर आठव्या लेखाचा तुकडा छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात गेला. तेथे ते सुरक्षित राहिले, याबद्दल आपण कृतज्ञ असले पाहिजे. परंतु वस्तू गेली की स्थळ मुके होते. विहारासाठी, मृगयेसाठी होणाऱ्या राजयात्रा सोडून आपण धम्मयात्रा आरंभली, असे अशोक आठव्या लेखात सांगतो. काचेच्या कपाटात तो लेख म्हणजे ब्राह्मी लिपीचा एक नमुना ठरतो. ज्या बंदरातून व्यापारी आणि भिक्खू ये-जा करीत, तेथे उभे राहून त्याचा विचार केला, तर तो नेमका येथेच का कोरविला गेला, हे उमगते.

प्रश्न केवळ गेलेल्या वस्तूंचा नाही. अशोकाचे प्रमुख शिलालेख चौदा आहेत. सोपाऱ्यास ते सर्व कोरलेले असावेत, असे विद्वान मानतात. आपल्या हाती दोहोंचे तुकडे आले. उरलेले कदाचित याच मातीत असतील. २००९ मध्ये येथे वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या बारा लाखांहून अधिक भरली. अशा नगरात प्रत्येक इमारतीचा पाया खणताना इतिहासाचे एखादे पान निघू शकते, किंवा कायमचे नष्ट होऊ शकते. जमिनीत सापडलेल्या मौल्यवान पुरातन वस्तूची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना देण्याचे बंधन १८७८ च्या निखात निधी अधिनियमाने घातले आहे. पण अक्षरे कोरलेला दगड ओळखताच आला नाही, तर माहिती देणार कोण?

म्हणून स्थानिक संग्रहालयाचे पहिले कार्य प्रदर्शन नव्हे, नोंद हे होय, असे आम्हांस वाटते. मूळ वस्तूंच्या प्रतिकृती व त्या आज कोठे आहेत याची माहिती, जुन्या खाडीचा, तळ्यांचा व टेकाडांचा नकाशा, आणि कोणती वस्तू कोठे, केव्हा, किती खोलीवर मिळाली याची वही, एवढ्यावर आरंभ होऊ शकतो. त्यास भव्य वास्तू लागत नाही. शाळेची वा विहाराची एक खोली पुरते. तेथे ब्राह्मीची अक्षरे शिकलेला एखादा विद्यार्थी उद्या बांधकामाच्या ढिगाऱ्याजवळ थबकला, तर त्या खोलीचे सार्थक झाले असे आम्ही समजू.